जनुकांवरचा हरताळ : मेंदूतील स्त्री-पुरुष भेद कसा घडतो



संतवाङ्मय, नाटक, इतिहास यांच्या रांगेत जीवशास्त्रालाही एक पाट मांडल्याबद्दल मी मंडळाचा आभारी आहे. विषय तसा आपल्या घरातलाच आहे. "मुलग्यांचं डोकं यंत्रात चालतं, मुलींचं माणसांत, जात्याच असतं ते," हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने लग्नघरात, शाळेच्या पायरीवर किंवा थेट जेवणाच्या पंगतीत ऐकलेले आहे. त्याला उत्तर म्हणून येणारे वाक्यही तितकेच जुने आहे: "काही नाही, सगळं वळण लावण्यावर आहे." एक पक्ष जन्माचा, दुसरा वळणाचा. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या भांडणात एक तिसरा शब्द शिरला आहे, एपिजेनेटिक्स. मराठीत त्याला अधिजनुकशास्त्र म्हणतात. आता दोन्ही पक्ष हा शब्द आपापल्या बाजूने साक्षीला उभा करतात, आणि गर्भसंस्कारांच्या जाहिरातींतही तो दिसू लागला आहे. तो नेमके काय सांगतो आणि कुठे गप्प बसतो, हे पाहावे, एवढाच आजचा बेत.

सुरुवात मांजरापासून करू. १९४९ साली कॅनडातल्या लंडन या गावी (ओंटारिओ प्रांतात या नावाचे एक शहर आहे) मरे बार आणि त्यांचे विद्यार्थी युअर्ट बर्ट्रम मज्जापेशींवर काम करत होते. मज्जापेशींना सतत काम करायला लावले, म्हणजे त्या थकल्या, तर त्यांच्या आत काय फरक पडतो, हा त्यांचा प्रश्न होता. मांजराच्या मेंदूचे पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना काही पेशींच्या केंद्रात एक गडद ठिपका दिसे. काही मांजरांत तो जवळजवळ प्रत्येक पेशीत असे, काहींत मुळीच नसे. थकव्याशी त्याचा काही मेळ बसेना. नोंदी उलटून पाहिल्या तेव्हा उलगडा झाला: ठिपका असलेली सगळी मांजरे माद्या होत्या, आणि ठिपका नसलेले सगळे बोके. मेंदूतल्या एकट्या पेशीकडे पाहून ती नराची की मादीची हे सांगता येते, असे त्या दिवशी प्रथमच कळले. मेंदूचे वजन नको, आकार नको. एक ठिपका पुरे.

पण घाई करू नये. तो ठिपका मेंदूतच असतो असे नाही. गालाच्या आतल्या त्वचेत असतो, यकृतात असतो, मादीच्या शरीरात सर्वत्र असतो. 'मेंदूत फरक आढळला' आणि 'मनात फरक आढळला' ही दोन वेगळी वाक्ये आहेत, आणि वर्तमानपत्रात बातमी छापताना पहिल्याचे दुसरे कधी होते ते कळतही नाही.

ठिपका कशाचा, याचे उत्तर १९६१ साली इंग्लंडात मेरी लायन यांनी दिले. मादीच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रे असतात, एक आईकडून आलेले आणि एक बापाकडून. नराकडे एक एक्स आणि एक तुलनेने छोटे वाय. दोन्ही एक्स पूर्ण जोराने चालू राहिले तर मादीत त्यावरच्या जनुकांची कामे दुप्पट होतील. म्हणून गर्भ अगदी लहान असतानाच प्रत्येक पेशी दोनपैकी एक एक्स गुंडाळून बाजूला ठेवते. ते गुंडाळलेले गाठोडे म्हणजे बार यांचा ठिपका. कोणते गुंडाळायचे, हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरते. पण एकदा ठरले की त्या पेशीच्या सगळ्या लेकी-नाती तोच निर्णय पाळतात. हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर दारात येणारी काळ्या-नारिंगी ठिगळांची मांजर पाहावी. नारिंगी रंगाचे जनुक एक्सवर असते. जिथे एका एक्सला विश्रांती मिळाली तिथे काळे ठिगळ, जिथे दुसऱ्याला तिथे नारिंगी. (पांढरा रंग येतो तो वेगळ्या जनुकामुळे.) असे ठिगळांचे मांजर बहुधा भाटीच असते. बोका निघालाच तर त्याच्याकडे बहुतेक वेळा एक एक्स जास्तीचे असते.

आता हे लक्षात घ्या की दोन्ही ठिगळांतल्या पेशींचा जनुकसंच तोच आहे. अक्षरे तीच, वाचन वेगळे. जनुकांची अक्षरे न बदलता त्यांचे वाचन बदलणाऱ्या, आणि पेशीच्या आठवणीत टिकून राहणाऱ्या ज्या खुणा असतात, त्यांचा अभ्यास म्हणजे अधिजनुकशास्त्र. 'एपिजेनेटिक्स' हा शब्द १९४२ साली कॉनरॅड वॉडिंग्टन यांनी रूढ केला, तेव्हा डीएनएची रचनाही ठाऊक नव्हती. एका बीजपेशीतून डोळा, हाड आणि मेंदू अशी भिन्न अवयवांची वाट कशी फुटते, हे त्यांचे कुतूहल होते. आजचा अर्थ नंतर आला.

या खुणांसाठी आपल्या भाषेत एक तयार प्रतिमा आहे. 'नियमांना हरताळ फासला' असे आपण सहज म्हणतो. हरताळ हे पिवळे खनिज. पोथी उतरवणाऱ्या लेखकाच्या हातून अक्षर चुकले की तो त्यावर हरताळाचा लेप देई. पूर्वजांनी इकडे येताना गाठोड्यात बांधून आणलेल्या पोथ्या ज्यांच्या घरी अजून आहेत, त्यांनी पिवळे पट्टे पाहिले असतील. लेपाखाली अक्षर असतेच. फक्त वाचणारा ते ओलांडून पुढे जातो. डीएनएवर असाच एक लेप असतो: एक कार्बन आणि तीन हायड्रोजन यांचा मिळून झालेला मिथाइल गट. तो बहुधा जनुकाच्या सुरुवातीच्या भागात, 'सी' या अक्षरावर चिकटवला जातो, आणि जनुक मुके होते. हा लेप देणारी विकरे पेशीत असतात. शिवाय डीएनए ज्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेले असते त्या रिळांवरही खुणा असतात. कुठे घट्ट गुंडाळायचे, कुठे सैल सोडायचे, हे त्या ठरवतात. पोथीशी तुलना एका बाबतीत लंगडी पडते. लेखकाचा हरताळ चुकीवर असतो, पेशीचा हरताळ चुकीवर नसतो. मज्जापेशीला केस उगवण्याचे जनुक नको असते, म्हणून ते झाकलेले असते, एवढेच.

मज्जापेशी एकदा तयार झाल्या की बहुतेक पुन्हा विभागत नाहीत. माणसाबरोबर त्या म्हाताऱ्या होतात. म्हणजे बालपणी पडलेला लेप सत्तर वर्षे राहू शकतो. मेंदूच्या अभ्यासकांना हे प्रकरण महत्त्वाचे वाटते ते यामुळे.

इथून मूळ प्रश्नाकडे वळायचे, तर थोडा तराजूचा इतिहास पाहावा लागेल. एकोणिसाव्या शतकात विद्वान मेंदू तोलत असत. १८८७ साली जॉर्ज रोमेन्स या इंग्रज शास्त्रज्ञाने, स्त्रियांचा मेंदू सरासरीने पाच औंस कमी भरतो, तेव्हा त्यांची बुद्धीही त्या मानाने कमी असणार, असे लिहिले. आदल्याच वर्षी, मार्च १८८६ मध्ये, आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात वैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडल्या होत्या. रोमेन्सचा लेख निघाला त्या साली त्या पुण्यात वारल्या. आणि त्याच्या पाच वर्षे आधी बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुष तुलना' पुण्यात छापले गेले होते. ताराबाईंकडे तराजू नव्हता आणि सूक्ष्मदर्शकही नव्हता. जे दोष स्त्रीजातीचे म्हणून सांगतात ते पुरुषांत नाहीत काय, एवढा सरळ प्रश्न त्यांनी विचारला. माझ्या मते रोमेन्सपेक्षा तो अधिक शास्त्रीय होता, कारण तुलना करायची तर दोन्ही बाजू पाहाव्या लागतात हे त्यांना कळले होते. पुरुषाचा मेंदू सरासरीने दहा टक्क्यांच्या आसपास मोठा असतो हे आजही खरे आहे. पुरुषाचे शरीरही मोठे असते. वजनावर बुद्धी ठरत असती तर हत्तीने आपल्यावर राज्य केले असते.

तराजू मागे पडला आणि संप्रेरके पुढे आली. १९५९ साली अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठात चार्ल्स फीनिक्स, रॉबर्ट गॉय, आर्नल्ड जेराल आणि विल्यम यंग यांनी गाभण गिनीपिगांना टेस्टोस्टेरॉन दिले. त्यांच्या पोटी जन्मलेल्या माद्या मोठ्या झाल्यावर मादीसारख्या वागेनात. मादीची संप्रेरके टोचली तरी वागेनात. उलट नरासारख्या इतर माद्यांवर चढत. मोठ्या मादीला हेच टेस्टोस्टेरॉन दिले तर असा कायमचा बदल होत नाही. म्हणजे गर्भावस्थेत एक ठरावीक मुदत असते. त्या मुदतीत संप्रेरक आले तर ते मेंदूची बांधणीच बदलते, नंतर आले तर बांधलेल्या मेंदूला फक्त चालवते. आजही या क्षेत्राचा पाया हाच आहे.

पुढच्या शोधांनी त्यात एक गंमत घातली. उंदराच्या नरात टेस्टोस्टेरॉन मेंदूत शिरते आणि तिथे त्याचे रूपांतर इस्ट्राडायॉलमध्ये होते, म्हणजे जे आपण 'स्त्रीचे संप्रेरक' म्हणून ओळखतो त्यात. नराचा मेंदू घडवणारे खरे द्रव्य तेच. मग आईच्या रक्तातले इस्ट्राडायॉल मादी पिलांचा मेंदू का बदलत नाही? कारण पिलांच्या रक्तात एक प्रथिन असते, ते इस्ट्राडायॉलला धरून ठेवते आणि मेंदूपर्यंत पोहोचू देत नाही. हे प्रथिन नसलेल्या उंदरांच्या माद्या नरासारख्या वागतात, हे पुढे दाखवले गेले. संप्रेरकांना 'पुरुषी' आणि 'बायकी' अशी नावे देणे किती भोळेपणाचे आहे, हे यावरून कळेल.

तरीही पाठ्यपुस्तकांत एक समजूत घट्ट बसली. नर घडतो; मादी उरते. संप्रेरक आले तर मेंदू नराचा, काहीच घडले नाही तर आपोआप मादीचा. नराला कारण लागते, मादीला लागत नाही. या मांडणीत पुराव्याइतकाच जुन्या सवयीचाही वाटा होता असे मला वाटते. प्रयोग सगळे नर कसा होतो यावर होते. मादी कशी टिकते हे फारसे कुणी विचारलेच नव्हते.

विचारले ते बाल्टिमोरमध्ये. मेरीलँड विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात मार्गारेट मॅकार्थी यांची प्रयोगशाळा आहे. मेंदूच्या तळाशी, दृष्टीच्या नसा एकमेकींना ओलांडतात तिथे, एक चिमुकला भाग असतो, त्यावर नराचे समागमाचे वर्तन अवलंबून असते. नर उंदराच्या या भागातल्या मज्जापेशींच्या फांद्यांवर जोडणीसाठीचे बारीक काटे मादीच्या सुमारे दुप्पट असतात. हे काटे कसे वाढतात याचा माग त्यांनी आधीच काढला होता: इस्ट्राडायॉलमुळे प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्य वाढते, आणि त्यामुळे काटे वाढतात. ताप आणि सूज आणणारे द्रव्य ते हेच. अ‍ॅस्पिरिनसारखी औषधे त्याचीच निर्मिती रोखतात. मेंदूची झाडलोट करणाऱ्या, एरवी रोगजंतूंवर धावून जाणाऱ्या पेशीही या कामात सामील असतात. एका साध्या 'नर-मादी फरका'मागे एवढी मंडळी राबत असतात.

२०१५ साली ब्रिजेट न्यूजंट, मॅकार्थी आणि सहकाऱ्यांनी याच भागातला हरताळ तपासला. नवजात मादीत लेप देणाऱ्या विकरांचे काम नरापेक्षा जास्त जोरात चालू होते. इस्ट्राडायॉल या विकरांना मंदावते. मग लेप विरळ होतो आणि झाकलेली जनुके बोलू लागतात. म्हणजे नराचा मेंदू घडवणारा मजकूर मादीतही असतो, पण झाकलेला. मग त्यांनी संप्रेरक अजिबात न देता मादी पिलांच्या मेंदूत लेप रोखणारे औषध सोडले. काटे नराइतके वाढले, आणि मोठेपणी त्या माद्या नरासारख्या वागल्या. त्याहून आश्चर्याचे म्हणजे जन्मानंतरचा पहिला आठवडा उलटून मुदत संपल्यावर, जेव्हा संप्रेरकाचाही उपयोग होत नाही, तेव्हा हे औषध दिले तरी तेच घडले. बंद झालेली खिडकी पुन्हा उघडली. तिच्यावर कडी होती, आणि ती कडी हरताळाची होती.

या प्रयोगाचा अर्थ नीट ऐकावा. मादीचा मेंदू म्हणजे काहीच न घडलेला मेंदू नव्हे. तो राखावा लागतो. रोज दिवा लावल्यासारखे कुणीतरी तिथे काम करत असते. 'उरलेली ती मादी' ही जुनी समजूत निदान उंदराच्या मेंदूच्या या कोपऱ्यापुरती तरी खोटी ठरली.

कोपऱ्यापुरती, हा शब्द मी मुद्दाम वापरला. विस्कॉन्सिनमध्ये अँथनी ऑगर यांच्या गटाने याच भागातले एक विशिष्ट जनुक पाहिले, इस्ट्रोजेनला ओळखणाऱ्या प्रथिनाचे. त्यावर नरातच लेप जास्त होता. म्हणजे सरसकट पाहिले तर मादीत लेप जास्त, आणि एका जनुकापुरते पाहिले तर नरात जास्त. विरोध काही नाही. पोथीत एकूण पिवळे पट्टे कुठे अधिक, आणि अमुक ओवीवर पट्टा कुठे, हे दोन प्रश्न वेगळे आहेत.

ऑगर यांच्या प्रयोगातली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते, आणि तिचे मूळ सीलिया मूर यांच्या कामात आहे. बोस्टनमध्ये मूर यांनी नव्या बाळंतीण उंदरिणींचे निरीक्षण केले. आई पिलांना चाटते, पण नर पिलांना जास्त चाटते. नर पिलांच्या वासामुळे तसे होते. आईला वास येईनासा केला तर ती सगळ्यांनाच कमी चाटते, आणि मग वाढलेल्या नरांच्या समागमाच्या वर्तनात आणि मणक्यातल्या संबंधित मज्जापेशींच्या संख्येत उणीव राहते. ऑगर यांच्या गटाने मादी पिलांना मऊ कुंचल्याने जास्तीचे गोंजारले, आईच्या चाटण्याची नक्कल म्हणून. त्या स्पर्शाने मादी पिलांच्या त्या जनुकावरचा लेप नराइतका झाला.

आता सांगा, हे जन्माचे की वळणाचे? नर पिलाच्या वासाचे मूळ त्याच्या शरीरात. तो वास आईला जास्त चाटायला लावतो. ते चाटणे पिलाच्या जनुकांवर लेप देते. तो लेप मेंदू घडवतो. ही साखळी कुठे तोडायची आणि अलीकडचा तुकडा 'निसर्ग' व पलीकडचा 'संस्कार' म्हणून कुठे ठेवायचा? भाकरी पिठाने झाली की तव्याने, असे विचारण्यासारखेच ते आहे.

इथपर्यंत सगळे उंदीर आणि मांजरे होती. माणसाकडे यायचे तर पाऊल जपून टाकावे लागते. पहिले कारण म्हणजे माणसात मार्गच थोडा वेगळा दिसतो. काही व्यक्तींची गुणसूत्रे एक्स-वाय असतात, शरीरात टेस्टोस्टेरॉन भरपूर असते, पण ते ओळखणारे प्रथिन जन्मतः निकामी असते. शरीर स्त्रीचे वाढते आणि या व्यक्ती सहसा स्वतःला स्त्रीच मानतात. त्यांच्यात टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्राडायॉल होऊ शकते, तरी त्याने पुरुषी घडण झालेली दिसत नाही. तेव्हा उंदराचा इस्ट्राडायॉलचा मार्ग माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही.

दुसरे कारण असे की जिवंत माणसाच्या मेंदूतला लेप तपासता येत नाही. संशोधक रक्त किंवा लाळ पाहतात. पण लेप अवयवागणिक वेगळा असतो, आणि मृत्यूनंतर मिळालेल्या मेंदूत साठ वर्षांचे आयुष्य मिसळलेले असते. मुलाला लहानपणी मैदानावर पाठवले आणि मुलीला ओट्यापाशी उभे केले, तर मोठेपणी आढळलेली खूण त्या भेदाचे कारण की परिणाम, हे कसे सांगणार? तिसरे, माणसाचा मेंदू एकसंध 'नर' किंवा 'मादी' निघत नाही. तेल अवीव विद्यापीठाच्या डॅफ्ना जोएल आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली चौदाशेहून अधिक मेंदूंच्या प्रतिमा तपासल्या. ज्या भागांत स्त्री-पुरुषांची सरासरी वेगळी असते ते भाग निवडले, आणि एकाच माणसाचे सगळे भाग एकाच बाजूला झुकतात का ते पाहिले. फारच थोड्यांचे झुकले. बहुतेकांचे मेंदू गोधडीसारखे, काही तुकडे इकडचे, काही तिकडचे. या निष्कर्षावर आक्षेप आले. सगळे मोजमाप एकत्र करून संगणक बऱ्याच अचूकपणे स्त्री-पुरुष ओळखू शकतो, असे इतरांनी दाखवले. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात. हस्ताक्षरावरून लिहिणारा ओळखता येतो, त्यावरून त्याने काय लिहिले ते कळत नाही.

माणसात ज्या ठिकाणी लेप, मेंदू आणि लिंगभेद यांची गाठ निःसंशय पडते, ते ठिकाण दुःखाचे आहे. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ आंद्रेआस रेट यांनी १९६६ साली वर्णन केलेला एक विकार आहे. सुमारे दहा हजार मुलींत एखादीला होतो. मुलगी साधारण सहा ते अठरा महिन्यांपर्यंत व्यवस्थित वाढते, हसते, एखादा शब्द बोलू लागते. मग शब्द जातात, हातांचा उपयोग जातो, आणि हात धुतल्यासारखी दोन्ही हातांची सततची चाळवाचाळव सुरू होते. १९९९ साली ह्यूस्टनमध्ये हुदा झोगबी यांच्या प्रयोगशाळेला कारण सापडले: एमईसीपी-टू या प्रथिनाच्या जनुकातला बिघाड. हे प्रथिन एड्रियन बर्ड यांच्या गटाने १९९२ साली शोधले होते. त्याचे काम हरताळ ओळखणे. लेप जागेवर असतो, पण तो वाचणारा नसतो.

हे जनुक एक्सवर आहे. मुलीच्या साधारण अर्ध्या पेशींत चांगली प्रत चालू असते, उरलेल्यांत बिघडलेली. दारातल्या मांजरीसारखीच ठिगळे, पण मेंदूत. म्हणून ती जगते, आणि म्हणूनच तोच बिघाड असलेल्या दोन मुलींची अवस्था वेगळी असते, कारण चिठ्ठी वेगळी पडलेली असते. मुलग्याकडे दुसरी प्रत नसते. हा बिघाड त्याला सहसा तान्हेपणीच अतिशय गंभीर रूपात भोवतो. आणि आईकडे बोट दाखवणाऱ्यांसाठी एक गोष्ट: हा बिघाड बहुतेक वेळा नव्याने झालेला असतो, आणि तोही बहुतांशी बापाकडून आलेल्या एक्सवर. त्यात बापाचाही दोष नाही. पेशी विभागताना होणारी ती नक्कल-चूक आहे. २००७ साली बर्ड यांनी एडिंबरात, आजारी पडलेल्या उंदरांत हे जनुक पुन्हा चालू केले आणि उंदीर सुधारले. मेंदू मोडलेला नव्हता, थांबलेला होता. 

आईकडे बोट दाखवण्याचा विषय निघालाच आहे, तर गर्भसंस्काराच्या जाहिरातींबद्दल बोलतो. उंदरिणीच्या चाटण्याने लेप बदलतो, म्हणून अमुक राग ऐकल्याने किंवा अमुक श्लोक म्हटल्याने गर्भाच्या जनुकांवर हवी ती खूण उमटेल, असे त्यात सुचवलेले असते. याला पुरावा नाही. गाणे ऐकावे, स्तोत्र म्हणावे. आईला बरे वाटत असेल तर तेवढे कारण पुरेसे आहे. पण या दाव्याची दुसरी बाजू क्रूर आहे. मूल मंद निघाले, मुलगा 'हळवा' निघाला, मुलगी 'दांडगट' निघाली, की नऊ महिन्यांचा हिशेब सुनेला विचारला जातो. अधिजनुकशास्त्राच्या नावावर हा हिशेब मागता येत नाही.

गर्भाच्या बाबतीत ज्याचा पुरावा आहे, ती गोष्ट साधी आहे, आणि तिचे काम पुण्याजवळच्या खेड्यांत झाले आहे. लेपासाठी लागणारा मिथाइल गट शरीर ज्या साखळीतून तयार करते, तिला फोलेट आणि बी-१२ ही जीवनसत्त्वे लागतात. बी-१२ दूध, अंडी, मांस-मासळीत असते, भाजी-भाकरीत नसते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. सुमारे दोन तृतीयांश आयांत बी-१२ कमी होते. ज्यांच्यात ते फार कमी होते त्यांची मुले नवव्या वर्षी लक्ष टिकवण्याच्या आणि तात्पुरत्या स्मरणाच्या चाचण्यांत मागे पडली. यात लेपाचा वाटा किती, हे वेगळे काढता आलेले नाही. पण घरात दूध कुणाच्या पेल्यात आधी पडते आणि शेवटच्या पंगतीला कोण बसते, हे आपल्याला ठाऊक आहे.

याच मुलांवर, ती वयात आल्यावर, त्या गटाने पुढचा प्रयोग केला. रोज दोन मायक्रोग्रॅम बी-१२, म्हणजे डोळ्यांना दिसणारही नाही एवढे. त्या गटातल्या मुलींना पुढे जी बाळे झाली, त्यांच्या दोन वर्षांच्या वयात आकलनाच्या आणि भाषेच्या चाचण्या घेतल्या, तेव्हा बी-१२ मिळालेल्या आयांची बाळे सरस ठरली. गोळ्या गरोदरपणात सुरू केलेल्या नव्हत्या. त्या आधीपासून, लग्न ठरण्याच्याही पूर्वी चालू होत्या, आणि मुलींबरोबर गावातल्या मुलग्यांनाही दिल्या होत्या.